बॉनेटवरचं ठिगळ

मास्तरांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली ती साठीला दोन वर्षं बाकी असताना. तीही वापरलेली. निळी म्हणायची, कारण कागदपत्रांत तसं लिहिलं होतं. बघणाऱ्याला ती धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या गणवेशासारखी दिसायची, आणि मास्तर जन्माचे शिंपी, त्यामुळे त्यांना ते जरा जास्तच टोचायचं. पण गाडी काही मिरवायला घेतलेली नव्हती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं होतं. इमारतीतून बाहेर पडली की दहा पावलांवर गाडी. दार उघडायचं, बसायचं. एवढ्यासाठी मास्तर त्या वयात गाडी शिकले. शिकवणाऱ्याला दोनदा देव आठवला, पण शिकले.

आणि मग कमिटीचा कागद लागला.

इमारतीला नुकताच नवा रंग दिलेला. तेव्हापासून सेक्रेटरीचं इमारतीवरचं प्रेम भलतंच उतू चाललं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘दर्शनी भागास शोभतील अशीच वाहने पुढे उभी राहतील. इतर वाहने मागील बाजूस. पाहणी रविवारी सकाळी दहा वाजता.’ कागद सगळ्यांसाठी होता, पण चिकटवला होता बरोब्बर मास्तरांच्या गाडीसमोरच्या खांबावर.

मागची बाजू म्हणजे कचऱ्याच्या डब्यांच्याही पलीकडे. सव्वीस पायऱ्या खाली, आणि धरायला कठडा नाही.

“उतरेन हो मी हळूहळू,” बायको म्हणाली.

“उतरशील. आणि चढताना काय, पाठुंगळीला घेऊ?”

“पूर्वी घेतलं असतंत.”

“पूर्वी तू एवढी नव्हतीस.”

बायको हसली खरी, पण हात गुडघ्यावर गेलाच. तो बघून मास्तरांनी टेप गळ्यातच ठेवला, शर्ट मशीनवर अर्धा सोडला आणि गाडीच्या सामानाचं दुकान गाठलं.

दुकानदार गोड माणूस. इतका गोड की मास्तरांना लगेच संशय आला.

“काका, पहिलीच गाडी ना? मग नवशिक्यांचा पूर्ण सेट घ्या.” आणि काउंटरवर एकामागून एक बाटल्या मांडायला लागला. “हा शाम्पू. ही क्ले, चिकटलेली घाण ओढून काढते. हे कंपाउंड, म्हणजे घासायचं. हे पॉलिश, म्हणजे घासलेलं गुळगुळीत करायचं. हे ग्लेझ. हे वॅक्स. हे टायरला, हे काचेला, हे प्लास्टिकला. आणि हे,” इथं त्याचा आवाज देवळात गेल्यासारखा झाला, “सिरॅमिक कोटिंग. एकदा लावलं की पाच वर्षं काळजी नाही. पाणी थांबत नाही, धूळ बसत नाही.”

“माणसाला लावता येतं का?” मास्तरांनी विचारलं. “आमच्या सेक्रेटरीला लावायचं होतं.”

कोपऱ्यात एक पेंटर स्टुलावर बसला होता. गॅरेजात गाड्या रंगवणारा, नखांत तीन रंग, थिनरच्या डब्याची वाट बघत. तो पहिल्यांदाच बोलला.

“गाडी कशी आहे तुमची?”

“विटलेली.”

“मग कोटिंग कशाला? ते वरून बसतं. खाली विटकं असलं तर विटकंच पक्कं होतं. पाच वर्षं.”

मास्तरांना हे चटकन कळलं. मळका शर्ट कडक इस्त्री करून घालणारी गिऱ्हाइकं त्यांनी चाळीस वर्षं पाहिली होती. दुकानदारानं पेंटरकडे असं बघितलं की थिनर आज काही लवकर मिळणार नव्हतं.

“आधी बारीक कंपाउंडनं घासा,” पेंटर म्हणाला. “मग वॅक्स. बाकी तुम्हाला काही लागत नाही. आणि पहिल्यांदा छोट्या जागेवर करून बघा.”

दुकानदारानं हार मानली नाही. फडक्यांचा गठ्ठा पुढे सरकवला, सगळ्यात महागडं वर. पण इथं गाठ शिंप्याशी होती. मास्तरांनी फडकं बोटांत चोळलं, उजेडात धरलं, कड गालावर फिरवली.

“हे नको. कडेला नायलॉनचा दोरा मारलाय. माझ्या गालाला लागतोय तर रंगाला लागणार नाही? आणि हे लेबल कुणी शिवलं? झबल्यात असलं लेबल टाकलं असतं तर मूल रात्रभर रडलं असतं.”

पेंटर स्टुलावरून उठून बघायला आला. “वीस वर्षं हेच ओरडतोय मी,” म्हणाला. शेवटी बिनकाठाची चार फडकी, एक कंपाउंड, एक वॅक्सची डबी आणि हातात धरायचा फोम एवढंच मास्तरांच्या पिशवीत पडलं. दुकानदारानं टायरची बाटली शेवटपर्यंत हातात धरून ठेवली होती.

शनिवारी सकाळी मास्तरांनी गाडी धुतली आणि छोटी जागा शोधायला लागले. आता, नव्या कापडावर इस्त्री टेकवायची तर आधी आतल्या शिवणीवर टेकवून बघायची, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण माणूस दुसऱ्याच्या धंद्यात शिरला की स्वतःची अक्कल दाराबाहेर ठेवतो. “नीट दिसायला पाहिजे,” म्हणून त्यांनी थेट बॉनेटच्या मधोमध खडूनं आखणी केली. वीतभर लांब, वीतभर रुंद, काटकोन बघून. चारी बाजूंनी कागदाची पट्टी चिकटवली आणि लागले घासायला.

दहा मिनिटांत फोम निळाशार झाला.

“अगं ए!” मास्तर खिडकीखालून ओरडले. “रंग जातोय गाडीचा!”

बायको खिडकीत आली. “मिठाच्या पाण्यात घाला.”

“काय घालू? गाडी?”

“मग मला काय विचारता? कापडाचा रंग गेला की मीठच घालतात.”

मास्तर घाबरून थांबले. मग त्यांनी फडक्यानं जागा पुसली आणि बघतच राहिले. तिथं निळा होता. असला निळा की त्यात खांब दिसत होता, खांबावरचा कागद दिसत होता, आणि कागदाखाली तोंड उघडं टाकलेला एक टकला माणूस. गेला होता तो वरचा मेलेला थर. त्यांनी वॅक्स लावलं, पुसलं, पट्ट्या काढल्या आणि आनंदानं चार पावलं मागे आले.

चार पावलांवर आनंद संपला. आधी गाडी नुसती विटलेली होती. आता ती विटलेली होती आणि तिला ठिगळ होतं.

बायको काठी टेकत खाली आली. चौकोनावरून बोट फिरवलं. “जन्मभर लोकांची ठिगळं लपवलीत,” ती म्हणाली, “आणि स्वतःचं लावलंत ते बरोब्बर छातीवर.”

एका चौकोनाला तास लागला होता. मास्तरांनी टेपानं गाडी मोजली. पंच्याऐंशी चौकोन भरत होते. संध्याकाळपर्यंत बॉनेटवर अजून तीन चौकोन झाले, आणि उजवा खांदा असा धरला की रात्री घास बायकोनं भरवला.

रविवारी दहाला सेक्रेटरी वही घेऊन हजर. बरोबर खजिनदार बाई, त्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवायच्या.

“मास्तर, हे काय? पत्त्यांचा डाव?”

“चार झालेत साहेब. बाकीचे करतोय.”

“नियम म्हणजे नियम.” सेक्रेटरीनं वही उघडली. “गाडी कळकट. शेरा मारतो.”

मास्तरांनी वळून बघितलं. मागं बायको उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून.

“कळकट कशाच्या मानानं?” मास्तर म्हणाले.

“कशाच्या म्हणजे? माझ्या गाडीच्या! रोज धुतली जाते.”

सेक्रेटरीची काळी गाडी शेजारीच उभी. रोज धुतली जायची हे खरं, पण ज्या फडक्यानं वॉचमन जिना पुसायचा त्याच फडक्यानं. मास्तर तिच्याजवळ गेले आणि कापड पारखायला वाकावं तसे तिरके वाकले. उन्हात सगळ्या बॉनेटभर कोळ्याचं जाळं पसरावं तसे ओरखडे.

“साहेब, एक वीतभर जागा द्या. पंधरा मिनिटं. नाही आवडलं तर मारा शेरा.”

“दाखवाच,” सेक्रेटरी म्हणाला. त्याला वाटलं, आपली गाडी आहेच चकचकीत, ह्याची चांगली जिरेल.

इथं वरचा थर मेलेला नव्हता म्हणून तास लागला नाही, पण डाव्या हातानं घासताना पंधरा मिनिटांची वीस झाली. मास्तरांनी पट्ट्या काढल्या. काळ्या बॉनेटवर वीतभर आरसा, आणि त्याच्याभोवती बाकीची गाडी भाकरीच्या तव्यासारखी.

खजिनदार बाई वाकल्या, त्या चौकोनात केस नीट केले आणि पहिल्यांदाच मान न हलवता बोलल्या. “साहेब, तुमची तर फारच कळकट आहे हो.”

सेक्रेटरीचा चेहरा पडला. वही उघडीच होती, आणि आता शेरा कुणाकुणाला मारायचा हा प्रश्न होता. “हे... हे असं अर्धवट नाही सोडायचं मास्तर! पूर्ण करा!”

“करतो की.”

“मग माझीही बघा ना,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांचीही.” दुपारपर्यंत पुढच्या सहाच्या सहा गाड्यांच्या बॉनेटवर वीतवीतभर चौकोन पडले. कुठलीच गाडी शोभेना. कमिटीनं उभ्या उभ्या ठराव केला, की सर्व वाहनांचे काम पूर्ण होईपर्यंत पाहणी तहकूब, आणि कामात अडथळा नको म्हणून मास्तरांची गाडी आहे तिथेच राहील.

“किती दिवस लागतील?” सेक्रेटरीनं विचारलं.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, काळी गाडी उभी मोजली, आडवी मोजली, कानामागची पेन्सिल घेऊन हातावर काहीतरी लिहिलं.

“बुधवारी या.”

त्याला आता दोन महिने झाले. बुधवारी सकाळी बायको खाली येते, दहा पावलं चालते, मास्तर दार उघडतात, ती बसते. वरच्या गॅलरीतून सेक्रेटरी ओरडतो, “मास्तर, आमच्या गाडीचं काय झालं?”

“झालीच साहेब!” मास्तर गाडी सुरू करत ओरडतात. “फक्त काजं-बटणं राहिलीत!”