तपाडलेला गळा

मित्रांनो, कोरीटच्या दोधूभाऊंचा जुना डफ बोलतोय. मला आज भीती वाटते आहे. माझ्या कातड्याची नाही, त्यांच्या मुलीच्या गळ्याची.

आधी जन्म सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगतो. आंब्याच्या लाकडाचं कडं, बकऱ्याचं कातडं, म्हसावदच्या एका कारागिराचे हात. झालं.

धिम्.

आमच्याकडे वाजवण्याआधी डफ तपाडतात. म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवासमोर धरून तापवतात. ओलावा गेला की कातडं ताणतं आणि आवाज टणक निघतो. दोधूभाऊ मला तपाडायचे आणि गायला उभे राहायचे. माईक नाही, पेटी नाही. त्यांचा आवाज घोगरा, खरखरीत. लोक म्हणायचे, "दोधूना गया म्हंजे गया!" गया म्हणजे गळा. दरवर्षी खरखर वाढत गेली. दरवर्षी वाहवाही वाढत गेली.

इथं मला ठिगळ आहे. या जागेवर थाप पडली तर आवाज निघत नाही. पुढे जाऊ.

दोन वर्षांपूर्वी गाता गाता दोधूभाऊंचे ओठ हलले आणि नुसती हवा आली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. आता ते कुजबुजतात. लोक ज्याला कला म्हणत होते, त्यातला बराचसा आजार होता.

मग श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीत कोण गाणार? त्यांची मुलगी रंजिता. वय एकोणीस. तिला गायचंच आहे, आणि अगदी बापासारखं. शेवटच्या वर्षांतल्या बापासारखं, कारण तिला तोच आवाज आठवतो.

बापाने एकच गोष्ट कुजबुजून सांगितली, "गया तपाड, पोरी."

तिने तपाडला. सकाळी हिरव्या मिरचीचा ठेचा, वर पाणी नाही, मग शेतातल्या विहिरीत वाकून ओरडणं. चौथ्या दिवशी ती थुंकली ते तांबूस होतं. तिने त्यावर माती लोटली. मी तिच्या बगलेत होतो. मी पाहिलं. पण मला कोणी मारल्याशिवाय मी बोलत नाही.

धिम्. धि

शेजारच्या कौसाबाईंनी ते ओरडणं ऐकलं. सत्तरीच्या आहेत. कानबाईची गाणी त्यांच्याही खरखरीत आवाजात होतात, आणि ती खरखर पन्नास वर्षं तेवढीच आहे. त्या काठी टेकत आल्या.

"काय व, मिरची खाईसन वरडी ऱ्हायनी? गया शे का चुल्हा?"

"आबानी सांगं, आजी. गया तपाड म्हने."

"डफनं कातडं कोल्लं ऱ्हास. गया ओला. ओला तपाडशी तं काय व्हई? फोड यी." कोल्लं म्हणजे कोरडं.

"पन दुखस म्हंजे गया तयार व्हस ना?"

"तुन्हा बापले इचार, काय तयार व्हयनं ते!"

रंजिता हसली नाही. तिने मातीकडे बोट दाखवलं. कौसाबाईंनी काठीच्या टोकाने माती बाजूला केली, तांबूस थुंकी पाहिली. मग म्हणाल्या, "पहिले डॉक्टर. मंग गानं."

डॉक्टरांनी सूज सांगितली. पंधरा दिवस मुकं राहायचं. नंतर पुन्हा दाखवून आल्यावरच कौसाबाईंनी शिकवायला घेतलं. ओठ मिटून हलकं 'म्'. दम पोटातून. मान मऊ. खरखर सगळ्या ओळीला नाही, शब्दाच्या टोकाला, तीही हळू आवाजात. दिवसाला पाव तास, मध्ये घोटभर पाणी. घशात गुदगुली झाली की गाणं तिथंच सोडायचं. शब्द अर्धा असला तरी.

एकदा दोधूभाऊ साथीला बसले. तळवा जोरात पडला. रंजिताच्या मानेची शीर फुगली.

"दोधू," कौसाबाई म्हणाल्या, "डफ वाजाडी ऱ्हायना का पोरले मारी ऱ्हायना?" आणि त्यांनी माझ्या तोंडावर पदर टाकला.

आता ठिगळावरचं सांगतो. माईक नव्हता. मी जितका मोठा वाजलो, तितके दोधूभाऊ माझ्यावरून ओरडले. अठ्ठावीस वर्षं. त्यांना वाटायचं, लोकांना त्यांचा आवाज हवा आहे. खरं तर दोधूभाऊंना फक्त माझ्या आवाजाला हरवायचं होतं.

धि

आज सोमवार. कानबाईला विसर्जनासाठी नदीवर नेत आहेत. मी दोधूभाऊंच्या हातात आहे. पहिली दोन कडवी छान झाली, शब्दांच्या टोकांना जराशी खरखर. मग मागून गावातला लोटन ओरडला, "दोधूनी पोर शे ना तू? आवाज काढ!" दोधूभाऊंच्या तळव्याला जुनी सवय आठवली. मी मोठ्याने वाजलो. तिची खरखर टोकावरून मानेत उतरली. तिला बारीक खोकला आला.

आणि रंजिता थांबली. अर्ध्या शब्दावर.

"बॅटरी उतरनी!" कोणीतरी म्हणालं. हशा झाला. तिचे कान लाल झालेत, पण ओठ मिटलेले आहेत. बापाचा तळवा हवेत आहे. तो पडला तर तिला गावं लागेल.

मित्रांनो, कधी वाद्य हातात घेतलंत, तर गर्दीकडे पाहू नका, गाणाऱ्याच्या मानेकडे पाहा. गाणारे तुम्हीच असाल आणि घसा नको म्हणाला, तर अर्धा शब्द तसाच टाकून द्या.

तळवा खाली आला. हळूच. माझ्यावर सपाट टेकला आणि तिथंच राहिला.

लोक ओरडताहेत.

दोधूभाऊ, हात उचलू नका.