दोन पट्ट्यांमधला आवाज

तरुणपणी शनिवारी मी नाचघरात असायचो आणि रविवारी चर्चमध्ये. दोन्हीकडे सदरा सारखाच भिजायचा. पुढे लिफ्ट दुरुस्त करण्यात चौतीस वर्षं गेली, गुडघे गेले, नाच सुटला. प्रवचनं मात्र सुटली नाहीत. आमच्याकडचा प्रवचनकार आधी नुसता बोलतो. बोलता बोलता सुरात शिरतो, ऑर्गन त्याच्या मागोमाग निघतो आणि शेवटी तो गातोय की देव त्याला गातोय, हे कळेनासं होतं. त्या घटकेसाठी मी हाडं गोठवणाऱ्या बर्फातूनही चालत गेलोय.

नाचाची हौस आता तळघरात राहते. शिकागोच्या दक्षिण भागातल्या माझ्या घराखाली साडेतीन हजार तबकड्या आहेत, सगळ्या बारा इंची, सगळ्या रीमिक्सच्या. मी त्या धुतो, वाळवतो, सुईखाली ठेवून संगणकात उतरवतो आणि बसल्या बसल्या एकेक खरखर काढत राहतो. बायको होती तेव्हा म्हणायची, "तांदूळ निवडायला सांगितले असते तर उठून गेला असतास."

मार्चमध्ये एका दुपारी पास्टर लिंडेल मेह्यू त्या तळघराच्या पायऱ्या उतरून आले. ते आमच्या न्यू गिलियड चर्चचे पास्टर. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी शाळकरी पोरासारखं छातीशी काहीतरी धरलेलं. तबकडी होती. मधल्या पांढऱ्या कागदावर नाव नाही, गाव नाही, नुसता रबरी शिक्का: 'रेव्हरंड'.

"ब्रदर ल्युशस, ओळखलीत?"

"ओळखली? पास्टर, हिच्यावर मी तीन जोड बूट झिजवलेत."

ते हसले नाहीत. "हा माझ्या बाबांचा आवाज आहे."

त्यांचे वडील रेव्हरंड ऑगस्टस मेह्यू घशाच्या आजाराने गेले, सत्त्याऐंशीच्या वसंतात. लिंडेल तेव्हा सहा वर्षांचे. प्रवचनांच्या कॅसेटी चर्चच्या तळघरात होत्या. पुढे एकदा गटाराचं पाणी चढलं आणि दोन्ही खोकी लगदा झाली. उरलं ते एवढंच. चर्चच्या दाराशी टेबलावर विकायला ठेवलेली एक कॅसेट वस्तीतल्या कुणा पोराने नेली होती, तिच्याखाली ठेका घातला आणि ही तबकडी काढली. तो पोरगाही आता नाही. लिंडेल बारा वर्षांचे असताना एका चुलतभावाने तबकडी हातात ठेवून सांगितलं होतं, "घे, तुझा बाप."

"चेहरा फोटोत आहे," पास्टर म्हणाले. "हात आठवतो. आवाज एवढाच. जूनमध्ये चर्चला पंचाहत्तर वर्षं होतायत. त्या रविवारी मला तो लोकांना ऐकवायचाय. ठेक्याशिवाय. मागे सिस्टर व्हर्नेलचा ऑर्गन, तेव्हा होता तसा."

मी त्या काळी दुसऱ्या चर्चचा, रेव्हरंडना कधी ऐकलं नव्हतं. पण ठेक्याशिवायचा आवाज कुठे सापडेल, ते ठाऊक होतं. अशा तबकड्यांच्या मागच्या बाजूला शेवटी एक तुकडा असतो. त्यात ठेका नसतो, नुसता गळा असतो. इथे गळ्यामागे ऑर्गनही राहिला होता. नाचघरातले वाजवणारे हा तुकडा दुसऱ्या तबकडीच्या ठेक्यावर सोडायचे. सुरुवात नेमकी पकडायला बोटाने तबकडी पुढेमागे फिरवायचे, रोज, शंभरदा. त्यामुळे खाचा झिजतात त्या नेमक्या तिथेच, जिथे आवाज पहिल्यांदा उठतो. ज्या शब्दांवर आम्ही जीव टाकला, तेच सगळ्यात जास्त खाल्लेले.

प्रवचन बायबलातल्या त्या विधवेचं. नवरा गेलाय, सावकार पोरं न्यायला दारात उभा आहे आणि संदेष्टा विचारतो, "तुझ्या घरात काय आहे?" ती म्हणते, "काही नाही. एक तेलाची कुपी." मग तो सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, दार लाव आणि सगळी भरेपर्यंत त्या कुपीतून ओत. त्या 'ओत' वर आम्ही शेकडो जण हात वर करून उड्या मारायचो. कुठल्या बाईचं तेल आणि कुठलं काय, आम्हाला कुणाला ठाऊक होतं!

पास्टरांची एक प्रत, माझी एक, तिसरी डेट्रॉइटच्या एका जमवणाऱ्याकडून आणली. जिथे एकीची खाच मेली, तिथे दुसरीची उसनी घेतली. खरखर प्रत्येक प्रतीची वेगळी असते, म्हणून ती ओळखू येते. पण एक आवाज तिन्हींमध्ये त्याच जागी होता. टक, टक... टक. लाकडावर काहीतरी आपटल्यासारखा, कुठल्याच ठेक्यात न बसणारा. तिन्हींत आहे म्हणजे तो तबकडीचा नाही, त्या दिवशीच्या चर्चमधला आहे. तो मी राहू दिला. देवाच्या घरातली वस्तू आपण कशाला काढायची?

सगळं जुळलं, पण ऑर्गनच्या सुराने घोळ केला. तो पांढरी एकमध्येही बसेना आणि काळी एकमध्येही बसेना. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी.

बुधवारी दुपारी मी चर्चमध्ये गेलो. सिस्टर व्हर्नेल एकोणऐंशी वर्षांच्या. साठ वर्षं त्याच हॅमंड ऑर्गनवर बसतात, आणि पास्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करतात.

"नाचघरातली तबकडी मी ऐकत नाही," त्या म्हणाल्या.

"शब्द नाहीत, सिस्टर. शब्दांच्या मधला नुसता ऑर्गन काढून आणलाय. तुमचाच."

त्यांनी माझ्या फोनला कान लावला आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मीच आहे. ही जागा माझीच. पण माझा गळा कुणी दाबला रे? ही कुठली पट्टी?"

"तेच विचारायला आलोय. ऑर्गन तेव्हा उतरला असेल का?"

"उतरला असेल!" त्यांनी ऑर्गनच्या पाठीवर थाप मारली. "अरे लिफ्टवाल्या, याची चाकं शहराच्या विजेवर फिरतात. अठ्ठावन्न सालापासून सूर केसभर हललेला नाही. नवरे उतरले, पास्टर उतरले, हा नाही उतरला. तुझ्या त्या पोराने टेप हळू केलीय, ठेक्यात बसवायला." बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली आणि तीच जागा त्यांनी वाजवली, वर, उजळ. "काळी दोन. ही मी काळी दोनमध्ये..."

बोटं थांबली.

"म्हणजे रेव्हरंड काळी दोनमध्ये गायचे?"

त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं. "घरी जा. बरोबर कर. मग ऐक. पुढचं सांगायचं तोंड माझं नाही."

मी घरी गेलो आणि संगणकात वेग वाढवून आवाज काळी दोनपर्यंत वर चढवला.

चढवता चढवता त्यातला जडपणा गळून पडला. त्याखालून एक बाई निघाली. भरदार, रुंद गळ्याची, घाबरलेली आणि तरी न थांबणारी. 'तुझ्या घरात काय आहे?' तिने विचारलं, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तो आवाज मी दर रविवारी पहिल्या बाकावरून ऐकतो. आमेन म्हणताना, मला दारात "ल्युशस, टाय सरळ कर" म्हणताना. मदर अर्झेला. रेव्हरंडची विधवा, पास्टर लिंडेलची आई.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कॅरमेल केक कापला, मला बसवलं आणि म्हणाल्या, "व्हर्नेलचा फोन आला होता. खा आधी."

मी खाल्लं. मग त्या बोलल्या.

"शहाऐंशीचा नोव्हेंबर. हे इस्पितळात. पाहुणे प्रवचनकार आलेच नाहीत. चर्च चालवणारी डीकन मंडळी एकमेकांची तोंडं बघत बसली. मी उठले. प्रवचनाच्या चौथऱ्यावर चढायची बायकांना परवानगी नव्हती, म्हणून खाली टेबलापाशी उभी राहिले. त्याला प्रवचन म्हणायचं नाही असं ठरलं. 'सिस्टर मेह्यूंनी दोन शब्द साक्ष दिली.' " त्या हसल्या. "पन्नास मिनिटांची साक्ष. कॅसेटीवर चिकटवायचे कागद ह्यांच्या नावाचे गठ्ठ्याने छापलेले. तोच चिकटवला."

"आणि पास्टर?"

"बारा वर्षांचा होता. तबकडी घेऊन धावत आला. 'आई, बाबा सापडले!' महिनाभर उशाशी घेऊन झोपायचा. त्याच्याजवळ बापाचा आवाज नव्हता, ल्युशस. माझा मी उसना दिला. माझं काय गेलं त्यात?"

मी केकची बशी खाली ठेवली.

"त्याला जे हवंय तेच वाजव. जुनं, हळू. म्हातारीचं ऐक."

"मदर, चर्चमध्ये खोटं..."

"तू बोलू नकोस. नुसतं वाजव."

ठीक आहे म्हणालो. पण त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर पहिल्या शब्दापुढे जाता येईना. एका बाईने देवासमोर उभं राहून जे ओतलं, त्यावर दुसऱ्याचं नाव ठेवायला मी निघालो होतो. आणि ते नाव काढलं, तर एका मुलाचा बाप दुसऱ्यांदा जात होता. दोन्ही प्रती घेऊन मी शनिवारी तालमीला गेलो. हळू केलेली आणि खरी.

सकाळचे अकरा वाजले होते. रिकामं चर्च. पहिल्या बाकावर मदर अर्झेला, पांढरी टोपी, मांडीवर हातमोजे. व्हर्नेल ऑर्गनवर. पास्टर मधल्या वाटेत उभे, डोळे आधीच मिटलेले.

मी हळू प्रत लावली. जड, खोल आवाज आला. पास्टरांनी हात किंचित वर केला. मग व्हर्नेलनी सूर धरला, आणि दात शिवशिवावेत तसं सगळं चर्च कळवळलं.

"सिस्टर, जरा खाली घ्या."

त्यांनी खालची पट्टी धरली. तरी तेच.

"अर्धा खाली."

"अर्ध्याच्या खाली अर्धा कुठून आणू? पाव विकतेय का मी?"

"सिस्टर व्हर्नेल, तुम्ही बेसूर होताय."

"मी?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "लिंडेल, तुझा लंगोट मी याच ऑर्गनवर बदललाय. हा बेसूर होत नाही. त्या आवाजाला विचार, तो का होतोय."

पास्टर माझ्याकडे वळले. "ब्रदर ल्युशस?"

मी बोललो नाही. तसं कबूल केलं होतं. पण हात यंत्रावरून हलेना आणि माझं तोंड लपवायला चर्चमध्ये जागा नव्हती. माझ्याकडून त्यांची नजर पहिल्या बाकाकडे गेली.

मदर अर्झेलांनी हातमोजे बाजूला ठेवले. "दुसरी लाव, ल्युशस," त्या म्हणाल्या. "ऑर्गनपुढे कुणाचं चालणार?"

मी खरी प्रत लावली.

पहिल्याच ओळीला व्हर्नेलनी काळी दोन धरली, आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचा हात आणि आजचा हात एकमेकांवर असे बसले की ऑर्गन एकच ऐकू येत होता. वरून बाईचा आवाज आला. 'तुझ्या घरात काय आहे?'

पास्टरांची नजर आईवर होती. आई समोर बघत होती आणि ओठ शब्दांबरोबर आपसूक हलत होते. दार लाव. ओत. ओत, बाई, ओत. पास्टरांनी पूर्ण ऐकलं. मध्ये ती टकटक आली तेव्हा मदर हळूच म्हणाल्या, "तो तू. पाच वर्षांचा. बाकाला बूट मारत होतास. मी विधवेला बोलत होते आणि डोळ्यांनी तुला दटावत होते."

संपल्यावर चर्च फार मोठं वाटलं.

"मग बाबा?" पास्टर म्हणाले. आवाज अगदी लहान होता. "बाबांचं काहीच नाही?"

"नाही."

"इतकी वर्षं तू..."

"चुकले असेन. रागव हवं तर." त्यांनी बाकावर शेजारची जागा हाताने पुसली. "पण एक सांगू? तुझे बाबा कसे बोलायचे, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. कशाला विचारशील? तुझ्याजवळ होता ना आवाज. त्यांचं बोलणं मी जपून ठेवलंय, ऐकणारं कुणी नव्हतं."

ते उभेच होते. मला वाटलं, दाराकडे जातील. दोन पावलं त्या बाजूला पडलीसुद्धा. मग ते परत फिरले आणि आईशेजारी बसले. पाठ टेकली नाही, तिच्याकडे बघितलंही नाही.

"कसा होता?"

"घोगरा," मदर म्हणाल्या. "आजाराआधीपासून. थांबून थांबून. वाक्य अर्धं बोलायचे आणि उरलेलं लोकांनी पुरं करायचं. तुला हाक मारताना मात्र तोडायचे नाहीत. लिन्-डेल नाही. एका दमात."

"आणि गायला लागले की?"

तेवढं मदर अर्झेलांनाही आठवत नव्हतं. त्यांनी ऑर्गनकडे पाहिलं.

"पांढरी चार," व्हर्नेल म्हणाल्या. "कुठूनही निघू देत, येऊन टेकायचे पांढरी चारवर. एकवीस वर्षं मी तिथे त्यांची वाट बघत थांबले."

त्यांनी ती पट्टी दाबली. एकच सूर, हलका, न थरथरता. जसा होता तसा, केसभरही न हललेला. पास्टर लिंडेलनी डोळे मिटले नाहीत. ते त्या सुराकडे, तिथे कुणी उभं असावं तसं, बघत राहिले, आणि त्यांच्या बुटाचं टोक बाकाच्या लाकडावर हळू आपटत राहिलं.

माझ्यासमोर यंत्र चालू होतं. मी जमवणारा माणूस, एक कळ दाबली असती तर तो सूर कायमचा माझ्याजवळ उतरला असता. मी हात मागे बांधून उभा राहिलो.