नाव नसलेली खोली

मित्रांनो, सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात टेबलाखालून बारीक घरघर येते ना, ती माझी. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. हसू नका! मागांच्या खडखडाटात मला कोण विचारतो, हे मलाही कळतं.

माझ्या पिढीच्या डिस्कवर मुख्य खोल्या, म्हणजे पार्टिशन, चारच बांधता येतात. चौथीत कारखान्याचे मालक इमामसाब यांची एकच नक्षी होती. मागावरून पहिली चादर उतरल्याशिवाय नक्षीला नाव ठेवायचं नाही, ही या घरची रीत. म्हणून त्यांनी खोलीलाही नाव दिलं नव्हतं. पुढे त्यांची नजर गेली. ती नक्षी पुन्हा काढणं आता त्यांच्या हातात राहिलं नाही.

इकडे आमचा कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चालू लागला. त्यांची लेक फिरदोस पेनड्राइव्ह लावून माझ्यावर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी नवी प्रणाली बसवायला बसली. माझ्यावर मोकळी जागा भरपूर होती, तरी लिनक्स म्हणे, ही जागा वापरता येत नाही. चार खोल्या झाल्या होत्या ना! एक पाडली तरच नवी बांधता येणार होती. फिरदोसला चौथीवर नाव दिसलं नाही. रिकामीच असणार, असं समजून तिनं ती पाडली. मी ओरडून सांगणार तरी कशी?

तेवढ्यात तिची आई कमरबी चहा घेऊन आली. "अब्बांची ती शेवटची नक्षी आदी काढून ठेवलीस न्हवं?"

फिरदोसचा चेहरा पांढराफटक पडला. "अम्मी, मी ती पुसली गं!"

पण पोर विणकराची. धागा तुटला की आधी माग थांबवायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिनं लिनक्स बसवणं तिथंच थांबवलं, माझ्यावर एक अक्षरही नवं लिहू दिलं नाही आणि पेनड्राइव्हवरूनच जुन्या खोलीच्या हद्दी शोधायला घेतल्या.

आणि काय सांगू, मित्रांनो! पुसली गेली होती ती फक्त खोली कुठं सुरू होते आणि कुठं संपते याची नोंद. आत सगळं जागच्या जागी होतं, पान न पान, फूल न फूल! इतकी वर्षं माझ्याच पोटात असून मला हे ठाऊक नव्हतं. मी थक्क झाले. फिरदोस तर पडद्याला हात लावून रडायलाच लागली.

तिनं नोंद पुन्हा लिहिली आणि नक्षीची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. मग कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीनं आधीपासून दिलेली, कुणी कधी न वापरलेली खोली उघडून बघितली, ती पाडली आणि लिनक्स बसवलं.

पहिली चादर उतरली तेव्हा इमामसाब कितीतरी वेळ तिच्यावरून बोटं फिरवत राहिले. एका फुलाशी थांबून म्हणाले, "हितं पाकळी वाकडी हाय. माझीच हाय ही!"

"आता नाव ठेवा की," कमरबी म्हणाली.

"फिरदोस," ते म्हणाले.

मित्रांनो, नाव नाही म्हणून कुणाला रिकामं समजू नका. दार उघडून बघा. आपल्या माणसाच्या हातचं काही असेल तर त्याची नक्कल दुसरीकडे ठेवा. मी म्हातारी झालेय, आज ना उद्या माझी घरघर थांबणारच. तोवर चौथी खोली मी जिवापाड जपेन. तिच्यावर आता नाव आहे, आणि ते फिरदोसनं स्वतः, डोळे पुसत लिहिलंय.