कडू अंगारा

मिरजगावच्या चिंचेखाली ही गर्दी! महिनाभर ओरडणारी, अंगावर धावून येणारी सहादेवची बायको चांगुणा भैरूबुवाच्या चिमूटभर अंगाऱ्यानं दोन दिवसांत गप्प झाली होती. "भूत बांधून या डबीत घातलंय," असं म्हणत बुवा रिकामी डबी हलवायचा, आणि माणसं कान लावून ऐकायची. त्यात आमच्या शाळेचे हेडमास्तरही होते. कर्म माझं!

चांगुणाच्या सासूनं, गोजरबाईनं, चिमटीची मूठ केली. भाकरीत अंगारा, ताकात अंगारा. मी हटकलं तर म्हणाली, "गुरुजी, देवाचं जास्त झालं म्हनून कुनाला बाधतंय व्हय?"

तिसऱ्या दिवशी चांगुणाची मान पिळली, डोळे वर चढले, जीभ बाहेर आली. बुवाला तर आयतंच फावलं.

"भूत मान धरून बसलंय! मिरच्यांची धुरी द्या!"

मी अंगारा जिभेवर ठेवून पाहिला. कडूजहर! वर जीभ बधिर. राख कधी कडू लागते का? मी तडक कर्जत गाठलं आणि डॉक्टर शामकांतांना त्यांच्याच फटफटीवरून घेऊन आलो.

सहादेव बायकोचं डोकं निखाऱ्यांवर दाबून धरत होता. डॉक्टरांनी त्याला ढकललं आणि चांगुणाला इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांत मान सरळ झाली. चांगुणानं पाणी मागितलं.

"देव पावला!" लोक डॉक्टरांच्या पाया पडू लागले.

"उठा आधी!" डॉक्टर कडाडले. त्यांनी बुवाची झोळी उपडी केली. आतून गोळ्यांची बाटली आणि खल पडला. "ही वेडावरची गोळी. डोकं शांत करते, म्हणून ही गप्प झाली. पण जास्त झाली की स्नायू आखडतात, मान वाकडी होते. त्यावरचा उतारा मी आत्ता दिला. हिला औषध लागणारच आहे, पण मोजून, तपासून. भूतबीत काही नाही."

मागून आमचा बन्सी न्हावी पुढं आला. "डागदर, माझी बायकू साळू बी बुवाचा अंगारा खाऊन अशीच वाकडी झाल्ती. गेल्या आवसंला मीच तिला धुरीत धरली. मेली ती. तिला ह्ये इंजेक्शन..."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "वाचली असती."

बन्सीनं पाण्याचा तांब्या उचलून निखाऱ्यांवर ओतला.

म्हणून सांगतो, बाबांनो. माणसाचं डोकं बिघडलं तर त्याला दवाखान्यात न्या. कुणी काही खाऊ घातलं तर आधी विचारा, यात काय आहे? साळूबाई गेली तेव्हा गावात कुणीच विचारलं नाही. मीही नाही.