डाग न दिलेला सांधा

“दिवे लावा, डॉक्टरसाहेब,” डॅशबोर्डखाली उताणा पडलेला मार्तंड म्हणाला. “विजेचा काटा किती दाखवतोय?”

“नेहमीइतकाच.”

म्हणजे शॉर्ट नव्हता. तरी दिवे लावले की पाच मिनिटांत रबर जळल्याचा वास सुटत होता. कुठंतरी एखादा सांधा सैल असणार. वीज तिथं अडत होती आणि वायर तापत होती. गाडी महायुद्धाच्या आधीची, वायरींवरचं सुती वेष्टण विरलेलं. मार्तंड एकेक वायर चिमटीत धरून पुढं सरकत होता. वीस वर्षं तो मुलुंडमध्ये मोटारींच्या वायरिंगचं काम करत होता.

“त्या गुणाजीचे उद्योग,” डॉक्टर सबनीस म्हणाले. “गाडीत विड्या ओढायचा. दीड महिन्यापूर्वी पेशंटकडे जाताना धूर निघाला, तेव्हाच काढून टाकला. दुसरा ड्रायव्हर अजून मिळत नाही.”

मार्तंडच्या बोटाला चटका बसला.

“बंद करा दिवे.”

चिकटपट्टीवर मेणाच्या दोऱ्याचे तीन वेढे होते. असा दोरा मुलुंडात फक्त तोच बांधायचा. त्यानं पट्टी सोडली. आत तांब्याच्या तारा नुसत्याच पिळलेल्या, काळ्या पडलेल्या. सांधा पक्का करायला वितळलेल्या कथिलाचा डाग द्यायचा, तो दिलेलाच नव्हता.

त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तो डॉक्टरांच्या याच अंगणात याच गाडीचं काम करत होता. डाग द्यायची सळई शेगडीत तापत होती, तेवढ्यात निरोप आला, बायकोला, कुंदाला, इस्पितळात नेलंय. त्यानं घाईघाईनं पट्टी गुंडाळली, दोरा बांधला, बाकी उद्या करू म्हणाला. गुणाजीनंच त्याला याच गाडीत घालून इस्पितळापर्यंत नेलं होतं, वाटभर भोंगा वाजवत. संध्याकाळी कुंदा गेली. ते काम पुन्हा त्याच्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टर आत गेले होते. मार्तंडनं तारा खरवडल्या, सांध्याला डाग दिला, नवी पट्टी गुंडाळली. आता कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. तो बराच वेळ तसाच गाडीत पडून राहिला.

“सापडलं का रे?” डॉक्टर बाहेर आले.

“सापडलं. गुणाजीनं काही केलेलं नव्हतं. सांधा माझा होता. मीच कच्चा सोडला होता.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं, मार्तंड.”

“त्याला परत बोलवा, साहेब.”

डॉक्टरांनी औषधाच्या कागदावर दोन ओळी खरडून दिल्या. पुढच्या कामाचं ते काहीच बोलले नाहीत.

दुपारी मार्तंड भांडुपला गुणाजीच्या खोलीवर गेला. गुणाजी खाकी कोटाची बटणं लावत होता. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्याला रखवालदारी मिळाली होती. मार्तंडनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

“त्याच दिवशीचं काम ना? वहिनी गेल्या तेव्हाचं?”

“हो.”

गुणाजीनं मान हलवली. मग मार्तंडच्या हातातल्या डॉक्टरांच्या कागदाकडे बोट केलं. “वाच. माका वाचूक येत नाय.”

“‘सोमवारपासून कामावर यावे.’”

“आणि?”

“खाली सही आहे.”

“चूक झाली असं लिवलंय कुठं?”

“नाही.”

गुणाजीनं कागद घेतला, नीट घडी घातली आणि मार्तंडच्या हातात परत दिला. “मग सांग त्यांना, नाय जमणार.”

“मला तरी शिव्या घाल रे.”

“तुला कशाला? तू आलास ना सांगायला.” गुणाजीनं टोपी चढवली. “घरी कोण असतं आता?”

“कोणी नाही.”

गुणाजीनं खोलीला कुलूप लावलं. रेल्वे फाटकापर्यंत दोघं बरोबर चालत गेले. तिथून गुणाजी विक्रोळीच्या दिशेनं वळला. कामावर वेळेत पोचायचं म्हणून तो झपाझप पावलं टाकत होता. मार्तंड उभा राहून ती खाकी पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग मुलुंडच्या रस्त्याला लागला. त्याला कसलीच घाई नव्हती.