कूलरवरचे दगड

आर्डिस गेल्याचं डेल्बर्ट प्रुइटला कळलं तेव्हा त्याच्या गळ्यात एका डच माणसाचा कॅमेरा होता.

वाळवंटातल्या नीडल्स गावात त्याच्या फाटकासमोरच डांबरावर जगप्रसिद्ध जुन्या हायवेच्या नंबराचा बिल्ला रंगवलेला आहे. जगभरातून लोक येतात, भाड्याच्या मोटरसायकली कडेला लावतात आणि त्या बिल्ल्याशेजारी आडवे पडून फोटो काढून घेतात. डेल्बर्टला त्यांचं मोठं कौतुक होतं. बाकीचं जग रस्त्यावरून जातं. ही माणसं विमानाने समुद्र ओलांडून त्यावर लोळायला येतात. त्या दिवशी नवराबायको दोघंही लोळले होते आणि त्यांनी चार फोटो मागितले होते. दोन झाल्यावर खिशातला फोन वाजला. नदीपलीकडच्या हॉस्पिटलातून होता. त्याची बायको आर्डिस तीन दिवस तिथे होती, हृदयाचं काहीतरी बारीकसं काम म्हणून. आदल्या संध्याकाळीच तिने त्याला घरी हाकललं होतं. म्हणाली होती, "जा, आंघोळ कर, नर्सला वाटतंय पेशंट तूच आहेस."

डेल्बर्टने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला, फोन खिशात ठेवला आणि राहिलेले दोन फोटो काढले. चार सांगितले होते, चार काढले. मग त्या डच बाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांनी त्याला पायरीवर बसवलं आणि चार तासांनी आर्डिसची बहीण फेय बेकर्सफील्डहून येऊन पोचेपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले. त्यांना त्या दिवशी सेलिगमन गाठायचं होतं, ते चुकलं. ज्या लोकांना डेल्बर्टने कधी पाणी विचारलं नव्हतं, त्यांनी त्याला त्याच्याच घरात चहा करून दिला. लोकांना पाणी, लिंबूसरबत वगैरे विचारायचं खातं आर्डिसकडे होतं.

पुढे गावाने आपलं काम चोख केलं. आठ दिवसांत घरोघरून अकरा कॅसरोल आले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची भांडी, त्यातली नऊ टूना माशाची. टूनाने दुःख हलकं होतं असं नीडल्समध्ये कोणीतरी सिद्ध केलं असावं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून त्यावर बाईचं नाव लिहिलेलं असतं. भांडं धुऊन त्या त्या घरी पोचवलं की शोक संपला असं धरतात. डेल्बर्टने जानेवारीपर्यंत एकही भांडं पोचवलं नाही. शेवटी फेय पुन्हा आली. भांडी तिने एका दुपारीत वाटून टाकली, निघून आलेल्या पट्ट्या ठेवायला स्वयंपाकघरातला खण उघडला आणि तिच्या हाताला हिरवी फाईल लागली. वर आर्डिसच्या अक्षरात लिहिलं होतं: बार्स्टोपर्यंत.

फाईल डेल्बर्टला माहीत होती. म्हणजे ती आहे हे माहीत होतं. आत काय आहे ते पाहिलं तर जावं लागेल, म्हणून त्याने ती कधी उघडली नव्हती.

१९७२ साली लग्न लागल्यावर दोघं बार्स्टोहून या रस्त्याने नीडल्सला आले होते. नवा हायवे तेव्हा व्हायचा होता. अँबॉयजवळ गाडीच्या रेडिएटरने मान टाकली. पुराचं पाणी पुलांकडे वळावं म्हणून तिथे रस्त्याच्या कडेने मातीचा लांबच लांब बांध घातलेला आहे आणि येणारेजाणारे त्यावर दगडांनी आपली नावं मांडतात. डेल्बर्ट रेडिएटरला शिव्या घालत होता तेवढ्या वेळात आर्डिसने काळे दगड वेचून दोघांची नावं मांडली. पुढे पावसाळ्यातल्या लोंढ्यांनी बांध खचला, नावं विस्कटली. ती पुन्हा मांडायला जायचं, जुन्या रस्त्याने, सावकाश, एवढाच आर्डिसचा हट्ट होता. इतर बायका हवाई बेटं मागतात. हिने दीडशे मैल वाळवंट मागितलं, तेही मिळालं नाही.

फाईलमध्ये सगळं होतं. पहाटे पाचला निघणं, पाण्याचे दोन कॅन रेडिएटरसाठी आणि एक माणसांसाठी, गॉफ्सला कॉफी, सावली कुठे, संडास कुठे. पहिल्या पानाच्या कडेला मात्र एक यादी होती. फेयने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली.

"१९८८, रेल्वेत ओव्हरटाइम. १९९३, गुडघा. १९९७, उकाडा फार." ती थांबली. "इथे डिसेंबर लिहिलंय, डेल."

"त्या वर्षी होता उकाडा."

"२००४, कूलरचा पंप. २०११, दुसरा गुडघा. बरं झालं देवाने तुला दोनच दिले. २०१६, रोज तर बसतो दारात, त्याच रस्त्यावर."

डेल्बर्ट म्हणाला की यात खोटं काय आहे, रस्ता दारावरूनच जातो. फेय म्हणाली, "नदी पण जवळून जाते. म्हणून कोणी आंघोळ झाली असं म्हणत नाही."

आर्डिसची राख फ्रिजवर डब्यात होती. फेयने तिथल्या तिथे बेत ठरवून टाकला. नव्या हायवेने जायचं, तासाभरात पोचायचं, बांधावर राख सोडायची, लडलोच्या हॉटेलात ॲपल-पाय खायचा आणि दोनला घरी. डेल्बर्टने हा बेत साफ मोडीत काढला. म्हणाला, जायचं तर फाईलप्रमाणे. पाचला म्हणजे पाचला. कॉफी गॉफ्सला म्हणजे गॉफ्सलाच. चौतीस वर्षं रेल्वेत रूळ तपासलेला माणूस. वेळापत्रक हातात आलं की त्याला चेव यायचा, फक्त आजवर ते बायकोचं नव्हतं. दोन दिवस दोघं टेबलाशी भांडले. कॅन प्लास्टिकचे की पत्र्याचे, डबा मांडीवर की सीटवर, फेयने गाडीत बोलायचं की नाही. फेयला वाटलं, हा खरंच निघतो की काय.

तिसऱ्या दिवशी तो टायर बघून घ्यायला रूडी ओल्गिनकडे गेला. रूडीने हवा भरता भरता विचारलं, कुठे निघालास. ऐकून त्याने पंप बाजूला ठेवला.

"जुन्या रस्त्याने? म्हाताऱ्या, त्या बाजूचे लाकडी पूल पुराने केव्हाचे मोडलेत. मध्ये रस्ता बंद आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी? पोलंडहून आलेल्या पोराटोरांना माहीत आहे. तू राहतोस त्या रस्त्यावर."

परत येताना डेल्बर्टला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि ती लाज घेऊन तो घराभोवती दोन फेऱ्या जास्तीच्या मारून आला. आत शिरताना त्याने चेहरा लांब केला. म्हणाला, आपलं नशीबच तसं, पूल बंद आहेत, आता सरकार दुरुस्त करील तेव्हा. सरकारची आठवण त्याला सहसा येत नसे.

 फेयने फाईल उलटी केली, अकरावं पान काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. ते तिने सकाळीच वाचलं होतं.

*डेल म्हणेल, पूल बंद आहेत. बंद आहेत हे खरं आहे. गॉफ्सची कॉफी झाली की नवा हायवे धरायचा, केलबेकर रोडला उतरायचं, दक्षिणेला खाली यायचं. अँबॉयचा बांध त्या बाजूने गाठता येतो. एक जर्मन कुटुंब मे महिन्यात जाऊन आलं, त्यांना विचारून घेतलं आहे. डेल, आता पुढचं कारण सांग.*

डेल्बर्टने ते दोनदा वाचलं. सरबत पाजून ही बाई एवढी वर्षं वाटसरूंना काय विचारत होती ते त्याला आत्ता कळलं. तो समजत होता, बडबड करायची सवय.

खाली आणखी एक ओळ होती. *दगड तयार आहेत. काळे, सारख्या आकाराचे, दोन्ही नावांना मिळून ब्याण्णव. गॅरेजमध्ये तीन बादल्या.*

फेय उठून गॅरेजमध्ये गेली आणि लगेच परत आली.

"दोन बादल्या रिकाम्या आहेत. दगड कुठे गेले?"

डेल्बर्ट छताकडे बघत राहिला. नीडल्समध्ये प्रत्येक घराच्या छतावर कूलर असतो, आणि थंडी आली की त्यावर ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवतात, नाहीतर नदीकडचा वारा ताडपत्री ॲरिझोनात नेऊन टाकतो. गेल्या ऑक्टोबरात, अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी, काहीतरी करायचं म्हणून तो कूलर झाकायला चढला होता. दगड शोधायला लांब जावं लागलं नव्हतं.

"कूलरवर," तो म्हणाला.

"तिच्या नावाचे दगड तू कूलरवर ठेवलेस?"

"छान बसले. हलले नाहीत." मग म्हणाला, "माझं पण नाव आहे त्यात."

फेय हसायला लागली. हसता हसता तिने ओट्याला धरलं आणि डोळ्यांना टॉवेल लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही. डेल्बर्ट उभाच होता. त्याला म्हणायचं होतं की बादल्यांबद्दल तिने मला सांगायला हवं होतं. पण बादल्या त्याच्याच गॅरेजमध्ये होत्या, वर्षानुवर्षं, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं की एवढे काळे दगड कशाला.

"फेय," तो म्हणाला, "ती सांगत होती ना. मी ऐकत नव्हतो."

"हो," फेय म्हणाली. ती काहीतरी गोड बोलेल अशी त्याची अपेक्षा नव्हतीच. "शिडी धरते. चढ."

दोन्ही गुडघे सोबत घेऊन तो चढला. वरून एकेक दगड बादलीत घालून दोरीने खाली सोडत होता, फेय मोजत होती. छतावरून जुना रस्ता दिसतो, गावातून पश्चिमेला टेकड्यांत शिरेपर्यंत. या छतावर तो पन्नास वर्षं चढत होता. तिकडे बघायला त्याला वेळ झाला नव्हता, कूलर होता. खाली बिल्ल्यापाशी कोणीतरी मोटरसायकल लावून फोटोसाठी आडवं पडत होतं. फेयने त्यांना सरबत विचारलं.

संध्याकाळी त्याने फाईल उघडली आणि यादीच्या तळाशी या वर्षाचा आकडा लिहिला. पुढे कारणाची जागा होती. पेन हातात धरून तो थोडा वेळ बसला, मग टोपण लावून टाकलं. गुरुवार ठरला, पहाटे पाच.

टायर झाले. तिन्ही कॅन भरले, पत्र्याचे. डबा पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधायचा ठरला आणि फेयने मागे बसायचं कबूल केलं, गप्प बसायचं नाही. बादल्यांमध्ये अठ्ठ्याऐंशी दगड झाले आहेत. कूलरच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यापर्यंत गुडघा गेला नाही; तिथले चार दगड अजून काढायचे आहेत.