चार रिकामे फोल्डर

“माझ्या कॉम्प्युटरला हात कोणी लावला?”

शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंनी मान वर केली. “काका, मी आत्ता येतेय. अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.”

“मग हे चार फोल्डर परत कुठून आले? काल संध्याकाळी मी स्वतः पुसून गेलो होतो.”

“आले असतील आपले आपण,” बाई हसून म्हणाल्या.

आपले आपण! मी काय दूधखुळा आहे?

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय. नळजोडणीची प्रत्येक फाईल मला तोंडपाठ. त्यात हा कॉम्प्युटर आला. माझी पत्रं ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जायची, ते ठीक. पण ‘पिक्चर्स’, ‘म्युझिक’, ‘व्हिडिओज’, ‘डाउनलोड्स’? हे मी केलेले नाहीत, आणि उघडून बघावं तर आत काडी नाही. आमच्या खोलीत रिकाम्या फाईलचा अर्थ एकच, आतला कागद कोणीतरी पळवला. माझ्या आधीचे रेकॉर्डकीपर अशाच एका रिकाम्या फाईलपायी घरी बसले. जाताना म्हणाले, “डोळ्यांत तेल घालून बस रे बाबा.” तेव्हापासून मी तसाच बसलोय.

बायको म्हणते मी संशयी आहे. ती असं का म्हणते, याचाही मला संशय आहे.

संशय बाईंवरच का? खोलीत आम्ही दोघंच. बाई फोनवर भाचीचे फोटो बघतात, काम करता करता गाणं गुणगुणतात. म्हणजे पिक्चर्स आणि म्युझिक, झालं की! मी पासवर्ड बदलला. फोल्डर आले. घरी जाताना कीबोर्डवरून टेबलाच्या पायापर्यंत काळा दोरा बांधायला लागलो. सकाळी दोरा जसाच्या तसा, आणि फोल्डर हजर. केवढी चलाख बाई, मी मनात म्हटलं. दोरासुद्धा तुटू देत नाही!

तेरा सकाळींच्या तारखा लिहून मी साहेबांकडे तक्रार दिली. बाई कंत्राटावर होत्या, त्याच महिन्यात मुदत वाढायची होती. हे मला माहीत होतं. माहीत असूनच दिली.

आठवड्याने मुख्य कचेरीतून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. माझं सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

“अहो, हे फोल्डर मशीनबरोबरच येतात. तुम्ही पुसले की मशीन परत बनवतं.”

“रिकामे?”

“रिकामेच. माणसाने आपले फोटो ठेवावेत, गाणी ठेवावीत, म्हणून जागा करून ठेवलेली असते. साहेबांच्या मशीनमध्येही आहेत.”

“म्हणजे आतलं कोणी काही नेलं नाही?”

“तुम्ही ठेवलं होतं का काही?”

मी तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, “पत्र काल गेलं. मुदतवाढ नाही.”

मी तिथेच अर्ज लिहिला. तक्रार चुकीची, दोष सर्वस्वी माझा. साहेबांनी कागद परत सरकवला. “निवृत्तीला चार महिने राहिलेत. कशाला अंगाशी आणता? आणि त्यांची जागा आता भरलीही.”

अर्ज मी त्यांच्या टेबलावरच ठेवून आलो.

घरी बायकोने विचारलं, “आज कोणावर संशय?” मी जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

महिनाअखेरीला बाई सामान आवरायला आल्या. मी उभाच राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

“काका, इकडे या,” त्या म्हणाल्या. वरचा ड्रॉवर त्यांनी पूर्ण बाहेर ओढला. मग मधला. मग खालचा. “बघून घ्या. नंतर मनात काही राहायला नको.”

“बाई, मला लाजवू नका. चुकलो मी. साहेबांना लिहूनही दिलंय.”

“कळलं मला.” त्यांनी पर्समधून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “हे असू द्या तुमच्याकडे.”

“हे कशाला?”

“सफाईवाल्या मावशींचा झाडू त्या दोऱ्यात अडकायचा. तीन वेळा तुटला. सकाळी तुटलेला दिसला की तुमचा सगळा दिवस वाईट जाईल, म्हणून मी लवकर येऊन परत बांधायचे आणि चहाला खाली जायचे. तुमच्यासारखीच गाठ मारायला शिकले होते.”

बाईंनी पर्स खांद्याला लावली, “येते काका,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी जागेवर बसलो, पासवर्ड घातला. चारही फोल्डर होते. पुसायला हात गेला नाही. शेजारच्या टेबलाचे तिन्ही ड्रॉवर तसेच उघडे होते. थोड्या वेळाने मी उठलो आणि ते एकेक करून आत लोटले.